यंत्र-तंत्र : आजीच्या पोटातली नात

गेल्या अंकात प्लॅस्टिकच्या डब्यांच्या बुडाशी छापलेल्या त्रिकोणाचा आणि त्यातल्या आकड्यांचा अर्थ सांगितला होता. त्यावर पुष्कळ फोन आले. (मंडळाचा अंक लोक वाचतात हे कळून संपादकांना आणि मला सारखाच आनंद झाला.) बहुतेकांचा रोख एकच होता : "ते आकडे ठीक आहेत हो, पण अपाय नक्की होतो कोणाला? आम्ही पंचवीस वर्षं मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात भात गरम करतोय. आम्हांला तर काही झालं नाही."

प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगात शोधून भागत नाही. गेल्या पंचवीसएक वर्षांच्या संशोधनातून पुढे आलेली मोठी गोष्ट अशी, की काही रसायनांची उधारी खाणाऱ्याच्या खात्यावर दिसतच नाही. ती मुलांच्या आणि काही बाबतींत नातवंडांच्या खात्यावर निघते. मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. प्लॅस्टिक कसं बनतं आणि कसं तुटतं हे मी जरा अधिकाराने सांगू शकतो. जीवशास्त्राची बाजू वाचून जेवढी समजली तेवढी सांगतो.

आधी थोडं गणित. पुरुषाच्या शरीरात शुक्रबीजं वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत रोज नवी तयार होत राहतात. स्त्रीचं तसं नाही. तिची सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. मुलीचा गर्भ साधारण पाच महिन्यांचा होतो तेव्हा त्याच्या इवल्याशा अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजांडं असतात. जन्माच्या वेळी त्यातली दहा ते वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि उभ्या आयुष्यात जेमतेम चार-पाचशे प्रत्यक्ष बाहेर पडतात. सगळी शिल्लक जन्माआधीची. नंतर खात्यात भर नाही.

आता हे आपल्या घरात लावून बघा. समजा, एक मुलगी १९७५ साली सांगलीत जन्मली, लग्न होऊन इकडे आली आणि २००५ साली न्यू जर्सीत तिला मुलगी झाली. त्या नातीचा आईकडून आलेला अर्धा हिस्सा, म्हणजे ते बीजांड, १९७५ च्या आधीच तयार होतं, सांगलीत, आजीच्या पोटात. तीन पिढ्या एकाच वेळी एकाच देहात. डोहाळजेवणाला आपण ओटी भरतो ती दोन जिवांची असं म्हणतो. पोटात मुलगी असेल तर मोजणी तिनावर जाते.

आणि ते बीजांड नुसतं साठवलेलं नसतं, अर्धवट जोडलेलं असतं. आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रं असतात आणि बीजांडात २३ लागतात, म्हणून निम्मी करण्याची एक नाजूक क्रिया व्हावी लागते. त्यात गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना चिकटतात, आपापले तुकडे बदलतात आणि मग वेगळ्या होतात. चिकटण्याचं आणि तुकडे बदलण्याचं काम गर्भावस्थेतच उरकतं, आणि मग सगळं थांबतं. वेगळं होण्याचं काम पंधरा, तीस, कधी चाळीस वर्षांनी, ते बीजांड अंडाशयातून बाहेर पडायच्या वेळी पुरं होतं. कारखान्यात एखाद्या यंत्राचे गिअर बसवून, नट न आवळता ते गोदामात ठेवून द्यावं आणि तीस वर्षांनी दुसऱ्याच पाळीतल्या माणसाने ते पुरं करावं, तसा हा प्रकार. पहिल्या पाळीत गिअर वाकडा बसला असला तरी तो तेव्हा कोणालाच दिसत नाही. तीस वर्षांनी हिशेब चुकतो, २३ ऐवजी २२ किंवा २४ गुणसूत्रं येतात. अशा चुकीतून बहुतेक वेळा गर्भपात होतो. काही वेळा, २१ क्रमांकाचं गुणसूत्र जास्तीचं आलं तर, डाउन सिंड्रोमचं बाळ जन्मतं.

इतकी पार्श्वभूमी पुरे. आता मुख्य गोष्ट, आणि ती घडली एका साबणामुळे.

१९९८ चा ऑगस्ट महिना. ओहायोत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट नावाच्या शास्त्रज्ञ उंदरांच्या बीजांडांवर काम करीत होत्या. आईचं वय वाढतं तसतशा गुणसूत्रांच्या या चुका का वाढतात, हा त्यांचा विषय. अशा प्रयोगात तुलनेसाठी एक गट नेहमी असा ठेवतात की ज्याला काहीच केलेलं नाही. त्या गटातल्या उंदरांत बीजांडांचा बिघाड नेहमी शेकडा एक-दोन असायचा. तो अचानक शेकडा चाळीसवर गेला. ज्यांना कोणी हात लावला नाही त्यांच्यातच हा गोंधळ! कुठल्याही प्रयोगशाळेत असं झालं की पहिला संशय स्वतःच्या उपकरणांवर येतो, आणि तसा तो आलाही. बराच काळ शोधाशोध चालली.

शेवटी लक्ष गेलं उंदरांच्या पिंजऱ्यांकडे. ते पॉलिकार्बोनेटचे होते. हे प्लॅस्टिक काचेसारखं पारदर्शक आणि हातोडा मारला तरी न फुटणारं. पण यावेळी पिंजऱ्यांच्या भिंती धुरकट झाल्या होत्या आणि पाण्याच्या बाटल्या गळायला लागल्या होत्या. चौकशीत कळलं, की धुण्याच्या खोलीत कोणीतरी पिंजऱ्यांसाठीच्या सौम्य साबणाऐवजी फरशी धुवायचा अल्कली साबण वापरला होता. त्याने पॉलिकार्बोनेट खाल्लं, आणि त्यातून जे बाहेर आलं ते उंदरांच्या पाण्यात उतरलं. त्याचं नाव बिस्फेनॉल-ए, म्हणजेच हल्ली बाटल्यांवर जे 'नाही' म्हणून लिहिलेलं असतं ते बीपीए.

हंटबाईंनी इथे जे केलं ते मला फार आवडलं. "अपघात झाला, पिंजरे बदला आणि पुढे चला" असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी मुद्दाम पिंजरे त्याच साबणाने खराब करून बघितले, मग उंदरांना नेमक्या मात्रेत बीपीए देऊन बघितलं. परिणाम तोच. आणि मात्रा फार मोठी होती असंही नाही. हे सगळं होऊन लेख छापून आला २००३ साली. पाच वर्षं गेली. आपल्याकडे पुलाची तपासणीसुद्धा याहून लवकर उरकतात.

आता माझ्या खात्यातला भाग. पॉलिकार्बोनेट साबणाने का तुटावं?

बीपीए बनतं फिनॉलचे दोन रेणू आणि अ‍ॅसिटोनचा एक मिळून. नावातला 'ए' तो अ‍ॅसिटोनचा. या बीपीएच्या रेणूंची माळ ओवायची, आणि दोन मण्यांच्या मध्ये कार्बोनेटचा दुवा घालायचा, की झालं पॉलिकार्बोनेट. मणी भक्कम आहे, दुवाही तसा भक्कम आहे, पण त्याला एक शत्रू आहे : गरम पाणी आणि त्यात अल्कली. हे दोघं एकत्र आले की दुवा तुटतो आणि मणी जसाच्या तसा सुटा होतो. म्हणजे बीपीए पुन्हा मोकळं. शिवाय ओवायचे राहून गेलेले थोडे मणी आत असतातच. आता तुमच्या डिशवॉशरकडे बघा. त्यात गरम पाणी असतं आणि त्याची पावडर अल्कली असते. पिंजरा धुण्याच्या खोलीत जे एकदा चुकून घडलं, ते आपण पॉलिकार्बोनेटच्या भांड्यांवर रोज रात्री बटण दाबून, जरा सौम्य प्रमाणात, घडवून आणत होतो. बाळाच्या पारदर्शक कडक बाटल्या त्यात असायच्या. भारतात घरोघरी आणि ऑफिसांत पाण्याचे वीस लिटरचे जार असतात, त्यातलेही बरेच याच जातीचे.

बीपीएचा उद्योग काय, तर ते शरीरात इस्ट्रोजेनची, म्हणजे स्त्रीच्या मुख्य संप्रेरकाची, नक्कल करतं. नक्कल कच्ची आहे, पण गर्भाचं सगळं काम संप्रेरकांच्या अगदी थेंबभर इशाऱ्यांवर चालतं, तिथे कच्ची नक्कलही पुरते. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. बीपीए प्रथम बनवलं १८९१ साली दियानिन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने. १९३० च्या दशकात लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स कृत्रिम इस्ट्रोजेन शोधत होते. त्यांनी बीपीएची परीक्षा घेतली आणि त्यात इस्ट्रोजेनचा गुण आहे असं १९३६ साली छापूनसुद्धा दिलं. पुढे १९३८ साली त्यांना त्याहून फार जोरकस असं डीईएस नावाचं रसायन सापडलं, म्हणून औषध म्हणून बीपीए मागे पडलं. मग १९५३ साली जर्मनीत बायरचे हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना पत्ता नसताना, आठवड्याभराच्या अंतराने पॉलिकार्बोनेट शोधलं. मालाच्या दृष्टीने तो शोध अव्वल होता यात शंका नाही. चष्म्याच्या काचांपासून हेल्मेटपर्यंत त्याचा उपयोग आहे, आणि तिथे तो राहावा. पण सतरा वर्षांपूर्वी ज्या पदार्थाची हार्मोन म्हणून परीक्षा झाली त्याचाच पुढे बाळाच्या दुधाची बाटली म्हणून उपयोग झाला. एकाच कारखान्यातल्या दोन खात्यांनी एकमेकांच्या फायली वाचायच्या नाहीत, हा रोग सगळीकडे सारखाच आहे.

पुन्हा हंट यांच्या उंदरांकडे येऊ. १९९८ चा अपघात मोठ्या उंदरिणींचा होता. आजीच्या पोटातल्या नातीचा प्रश्न त्यांनी २००७ साली हाताळला. गाभण उंदरिणींना, पोटातल्या मादी पिलांची बीजांडं तयार होण्याच्या नेमक्या दिवसांत, थोड्या मात्रेत बीपीए दिलं. पिलांच्या बीजांडांत गुणसूत्रांच्या जोड्या नीट जमल्या नाहीत, तुकड्यांची अदलाबदल वाजवीपेक्षा जास्त झाली. ही पिलं बाहेरून धडधाकट दिसत होती. ती मोठी झाली तेव्हा त्यांच्या बीजांडांत आणि त्यापासून झालेल्या भ्रूणांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला निघाला. रसायन आजीला दिलं, बिघाड आईच्या अंडाशयात बसला, फळ नातवंडांना. माझ्या गिअरच्या उपमेत सांगायचं तर पहिल्या पाळीतच गिअर वाकडा बसला होता.

"उंदीर म्हणजे माणूस नव्हे" असं यावर कोणीही म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे. म्हणून २०१२ साली हाच प्रश्न ऱ्हीसस माकडांवर तपासला गेला. माकडाची गर्भावस्था आपल्याशी पुष्कळ मिळतीजुळती. तिथेही गर्भाच्या अंडाशयात तशाच प्रकारचे बिघाड दिसले, आणि जोडीला आणखी एक : बीजांडाभोवती जी पेशींची पिशवी बनायला हवी ती नीट बनली नव्हती, कुठे बीजांड उघडंच, तर कुठे एका पिशवीत अनेक.

माणसावर असा प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. पण दुर्दैवाने एक प्रयोग नकळत होऊन गेलेला आहे. तो बीपीएचा नव्हे, त्याच्या थोरल्या भावंडाचा, वर सांगितलेल्या डीईएसचा. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना ते सर्रास दिलं गेलं. त्याचा त्यासाठी काही उपयोग होत नाही हे शिकागोच्या चाचणीत १९५३ सालीच दिसलं होतं, तरी देणं चालूच राहिलं. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी पंधरा ते बावीस वयाच्या आठ मुलींची माहिती छापली. त्यांना योनीमार्गाचा अतिशय दुर्मीळ कॅन्सर झाला होता, आणि आठांपैकी सात जणींच्या आयांनी त्या मुली पोटात असताना डीईएस घेतलं होतं. आयांना स्वतःला काही झालं नव्हतं! "आम्हांला तर काही झालं नाही" या वाक्याचं याहून कडू उत्तर मला माहीत नाही. पुढच्या पाहणीत कळलं, की कॅन्सर हजारात एखादीला, पण मूल न होण्याची अडचण त्या मुलींत शेकडा ३३ जणींना, इतर बायकांत शेकडा १५-१६. हे आकडे २०११ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे औषध थांबून चाळीस वर्षं झाल्यावर. आणि २०१८ च्या एका मोठ्या पाहणीत डीईएस घेतलेल्या बायकांच्या नातवंडांत मन एकाग्र न होण्याचा विकार, ज्याला इकडच्या शाळांत एडीएचडी म्हणतात तो, शेकडा ७.७ निघाला, इतर नातवंडांत ५.२. एवढ्या फरकाला इतर कारणंही असू शकतात, पण तो दिसला आहे हे खरं.

डीईएस गोळीतून, मोठ्या मात्रेत गेलं. बीपीए अन्नातून, अतिशय थोडं जातं. दोन्ही एकाच मापाने मोजणं बरोबर नाही. डीईएस एवढंच सिद्ध करतं की हा रस्ता माणसातही आहे. बीपीए त्या रस्त्याने किती चालतं, यावर वाद आहे.

मुलग्यांचं काय, असं विचारणारे आहेतच. त्यांच्यासाठी वेगळं रसायन : थॅलेट. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याचा रेनकोट, शॉवरचा पडदा किंवा मऊ खेळणं करायचं तर त्यात थॅलेटचं तेल मुरवतात. ते माळेत ओवलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं, म्हणून सहज बाहेर येतं. (नव्या गाडीचा जो 'छान' वास येतो, त्याच्या मागेही असली मऊ प्लॅस्टिकं असतात.) काही थॅलेटं टेस्टोस्टेरॉनच्या कामात अडथळा आणतात. २००५ साली शॅना स्वान यांनी ८५ लहान मुलग्यांची मोजमापं छापली. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यातलं अंतर मुलग्यांत मुलींच्या सुमारे दुप्पट असतं. ज्या आयांच्या लघवीत गरोदरपणी थॅलेटचं प्रमाण जास्त होतं त्यांच्या मुलग्यांत ते अंतर कमी भरलं. २०१५ साली साडेसातशे बाळांवर पुन्हा पाहणी झाली, आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या डीईएचपी या थॅलेटच्या बाबतीत तेच दिसलं. ज्या तरुणांत हे अंतर कमी, त्यांच्यात शुक्रबीजांची संख्याही कमी, असंही आढळलं आहे.

नातवंडांच्या पुढे काय? इथे एक बारकावा आहे. गरोदर बाई, तिच्या पोटातला गर्भ आणि गर्भातली बीजं, या तिघांनाही रसायन थेट लागलेलं असतं. म्हणून नातवंडातल्या दोषाला 'वारसा' म्हणता येत नाही. तो थेट मार आहे. पणतवंडात दोष दिसला तरच वारसा, कारण पणतवंडाचा त्या रसायनाशी कधीच संबंध आलेला नसतो. मायकेल स्किनर यांनी २०१३ साली उंदरांच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, बीपीए आणि दोन थॅलेटांचं मिश्रण देऊन पणतवंडांत अंडाशयाचे आणि वृषणाचे विकार दाखवले. जनुकं बदललेली नव्हती. त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा, कुठलं जनुक चालू आणि कुठलं बंद ते सांगणाऱ्या, बदलल्या होत्या. पण त्या प्रयोगातल्या मात्रा माणसाच्या पोटात जातात त्याहून कितीतरी मोठ्या होत्या, आणि त्यावर टीकाही झाली. माझं स्वतःचं मत : नातवंडांपर्यंतचा पुरावा दमदार आहे, पणतवंडांचा अजून कच्चा.

मग सरकारांनी काय केलं? कॅनडाने बाळाच्या बाटल्यांतून बीपीए काढण्याची घोषणा २००८ साली केली. अमेरिकेत अन्न व औषध खात्याने २०१२ साली बाटल्यांतली परवानगी काढली, पण कारण वाचण्यासारखं आहे. रसायन उद्योगाच्या संघटनेनेच अर्ज केला होता, की आता या कामासाठी बीपीए कोणी वापरतच नाही, तेव्हा परवानगी रद्द करा. अपायाचा प्रश्न त्या निर्णयात आलाच नाही! गिऱ्हाइकांनी आधीच पाठ फिरवली होती, कायदा मागून आला. युरोपात २०२३ साली तिथल्या अन्न सुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम २०,००० पटींनी खाली आणली. जर्मनीच्या संस्थेला हे पटलं नाही. तिने काढलेली मर्यादा युरोपच्या हजार पट वर आहे. दोन नामांकित संस्थांत हजार पटींचा फरक! पुलाच्या भाराचं गणित दोन इंजिनियरांनी असं केलं तर दोघांनाही घरी पाठवतील. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये युरोपने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंतून बीपीए काढण्याचा नियम केला, जुना माल संपायला मुदत ठेवून.

पण मला जास्त काळजी 'बीपीए-फ्री' या पाटीची वाटते. कारखान्यात एखादा पदार्थ बंद झाला की आम्ही काय करतो? त्याच्या जागी तसाच बसणारा, यंत्र न बदलता चालणारा भाऊबंद शोधतो. बीपीए गेलं, बीपीएस आलं. रेणूचा मधला सांधा बदलला, दोन्ही हात तेच. आणि २०१८ साली पुन्हा तोच किस्सा छापून आला. हंट तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनच्या विद्यापीठात होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत तुलनेच्या गटाचे आकडे पुन्हा बिघडले. पिंजरे यावेळी दुसऱ्या, जास्त टिकाऊ म्हणून आणलेल्या पॉलिसल्फोनचे होते. तेही झिजले होते, आणि त्यातून बीपीएस बाहेर आलं होतं. मुद्दाम प्रयोग केले तेव्हा बदली आलेली बिस्फेनॉलंही बीपीएसारखाच उपद्रव करतात असं दिसलं. उंदरांच्या नरांत तो उपद्रव पुरता मिटायला सुमारे तीन पिढ्या जाव्या लागल्या. नव्या पदार्थाची परीक्षा एकाच पिढीवर, आणि तीही मोठ्या वयात घेऊन 'सुरक्षित' म्हणायचं, तर ही पाटी दर दहा वर्षांनी फक्त अक्षरं बदलत राहील.

आता आपल्या घरात काय करायचं ते. एक चांगली बातमी अशी, की बीपीए शरीरात साठत नाही. एका दिवसात बहुतेक सगळं निघून जातं. २००३-०४ सालच्या पाहणीत शंभरातल्या ९३ अमेरिकनांच्या लघवीत ते सापडलं, याचा अर्थ रोज नवं जात होतं. म्हणजे नळ बंद केला की टाकी रिकामी होते. २०११ साली कॅलिफोर्नियातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस फक्त ताजं, डबाबंद नसलेलं, प्लॅस्टिकचा स्पर्श शक्य तितका टाळलेलं अन्न दिलं, तर लघवीतलं बीपीए सरासरीने दोन तृतीयांश कमी झालं. तीन दिवसांत!

यातून पहिला नंबर लागतो तो टिनच्या डब्यांचा. डब्याच्या आतून जो पातळ थर असतो तो वर्षानुवर्षं बीपीएपासून बनवलेल्या एपॉक्सीचा असे. बऱ्याच कंपन्यांनी आता तो बदलला आहे, पण डब्यावर सहसा ते लिहिलेलं नसतं. आपले छोले, टोमॅटो, नारळाचं दूध आणि, सांगताना जिवावर येतं, आमरसाचा डबा, सगळं यातच मोडतं. आमरस सोडा असं सांगण्याची माझी हिंमत नाही. पण घरात गरोदर मुलगी किंवा सून असेल तर छोले रात्री भिजत घालायला काही जास्तीचे कष्ट पडत नाहीत. गरम जेवण प्लॅस्टिकात ओतू नये आणि प्लॅस्टिकात गरम करू नये. काच, चिनीमाती, स्टील चालतं. दह्याचे जे रिकामे डबे आपण सगळे जमवतो आणि पार्टीनंतर ज्यांतून श्रीखंड घरोघर जातं, ते बहुतेक ५ नंबरचे, पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यात बिस्फेनॉल नसतं, तेव्हा गार श्रीखंडाला खुशाल वापरा. उकळती आमटी मात्र त्यात ओतू नका. दुकानाची चकचकीत पावती ही आणखी एक वाट : त्या कागदावर शाईऐवजी बीपीए किंवा बीपीएसची भुकटी काम करते, आणि ती हाताला लागते. गल्ल्यावर काम करणाऱ्या गरोदर मुलींना हे कोणीतरी सांगायला हवं.

एक विनंती आज्यांना. बाळंतपणासाठी भारतातून येणाऱ्या आज्या हा लेख वाचतील, आणि सुनेच्या ताटावर नजर ठेवायला नवं निमित्त मिळालं असं समजतील. तसं करू नये. एकट्या बाईने सांभाळून हे सुटत नाही, हवेत, धुळीत, पाण्यात थोडं थोडं सगळीकडे आहे. आणि बीजांडं तर, वर सांगितल्याप्रमाणे, सुनेच्या आईच्या पोटात तयार झालेली आहेत. सुनेला रागावून ती मागे जाऊन बदलत नाहीत.

बेसमेंटमध्ये पहिल्या मुलाच्या बाटल्या जपून ठेवलेल्यांसाठी शेवटचं. २०१२ च्या आधीच्या, पारदर्शक आणि टणक, बुडाशी ७ आकडा असलेल्या बाटल्या असतील तर त्या नातवंडासाठी काढू नका, आणि भारतात कोणाला देऊही नका. ७ नंबरचं प्लॅस्टिक पुष्कळ गावांत रीसायकलला घेत नाहीत, म्हणून त्या सरळ कचऱ्यात टाका. पुढच्या अंकात, तिघा वाचकांनी विचारल्याप्रमाणे, स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरबद्दल.